नर्सरीत नसलेलं झाड



मागच्या वर्षी मंदिराच्या मागची कुंपणभिंत बांधून झाली आणि आतल्या बाजूला थोडी मोकळी जागा निघाली. तीन-चार झाडं बसतील एवढीच. समितीच्या बैठकीत कोणी म्हणे अशोकाची रांग लावू, कोणी म्हणे पाम लावू, कचरा पडत नाही. आमच्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. म्हणाल्या, "लावायचंच तर पार्श्वनाथांचं लावा ना. धव लावा."

बैठक गप्प झाली. धव म्हणजे कोणतं झाड, हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी असं ठरलं की तीन खड्डे झाडांसाठी ठेवायचे, त्यातला एक धवासाठी. पुढच्या पावसापर्यंत झाड मिळालं नाही तर तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे. आणि शोधायचं काम आलं माझ्याकडे, कारण कारण नसताना नर्सरीत चकरा मारणारी अख्ख्या गल्लीत मीच. मला वाटलं आठ दिवसांचं काम आहे. त्याला वर्ष लागलं. त्या वर्षात मेहकरच्या एका साध्या नर्सरीत मला जो इतिहास वाचायला मिळाला, तो आज तुम्हाला सांगते.

आधी झाडाबद्दल. ज्या ज्या झाडाखाली तीर्थंकरांना केवलज्ञान झालं, त्या झाडांची नावं आपल्या ग्रंथांत दिलेली आहेत. दिगंबर परंपरेत ‘तिलोयपण्णत्ती’मध्ये ती येतात. ऋषभदेवांचा वड, अजितनाथांचा सप्तपर्ण, सुपार्श्वनाथांचा शिरीष, अनंतनाथांचा पिंपळ, अरनाथांचा आंबा, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतनाथांचा चाफा, नमिनाथांची बकुळ, पार्श्वनाथांचा धव आणि महावीरांचा शाल. श्वेतांबर यादीत काही नावं वेगळी आहेत, तिथे पार्श्वनाथांना धातकी म्हणजे धायटी दिलेली आहे. आम्ही शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला वर्षातून दोनदा तरी जातो, त्यामुळे आईंच्या तोंडी पार्श्वनाथांचंच नाव येणार हे उघड होतं.

धव म्हणजे आपला धावडा. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. कारण धावडा दर हिवाळ्यात आमच्या घरात येतो, डब्यात बसून! डिंकाच्या लाडवांसाठी आई जो डिंक आणायला सांगतात, तो धावड्याचाच. बाभळीचा चालतो, पण धावड्याचा तळल्यावर छान फुलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तीस वर्षं मी ज्या झाडाचा डिंक कुटतेय, ते झाड मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मृग लागला आणि पहिली चक्कर मारली. नर्सरी गावाबाहेर आहे. पुढे पत्र्याचा बोर्ड, मागे बोअर, मधे हिरव्या जाळीचं मोठं शेड. मालकांना सगळे काकाच म्हणतात. मृगात तिथे पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या, ग्रामपंचायतीचे लोक, शाळांचे मास्तर, शेताच्या बांधाला लावायला रोपं न्यायला आलेले शेतकरी. मी विचारलं, "काका, धावडा आहे का?"

"धावडा?" काकांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "धावडा कोन मांगते वो ताई? चाळीस वर्षं झाली, मले कोनी धावडा मांगला नाई."

काकांची चाळीस वर्षं म्हणजे नर्सरीच्या इतिहासाचा एक तुकडाच. १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. त्या वेळी सरकारी रोपवाटिकेत काळ्या पिशव्या भरायला रोजंदारीवर जी पोरं लागली, त्यातले काका एक. माती, शेणखत, रेती कालवायची, पिशवी भरायची, ओळीत मांडायची. त्या पिशव्यांत काय असायचं? सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गुलमोहर, ग्लिरिसिडिया. सुबाभूळ मेक्सिकोकडची, निलगिरी आणि ती बाभूळ ऑस्ट्रेलियाकडची, गुलमोहर मादागास्करचा, ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेची. सरपण हवं होतं, चारा हवा होता, आणि आकडा हवा होता. ही झाडं भराभर उगवतात, फारशी मरत नाहीत. दोष देण्यासारखं त्यात काही नाही. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा वर्षंच झाली होती.

झाडं लावायचा सरकारी सण त्याआधीपासूनचा. १९५० मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा त्यासाठी ठरला. आपल्याला जवळचं आठवतं ते राज्याच्या मोहिमेचं: २०१६ ला २ कोटी झाडं, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. एवढी रोपं कुठून तरी यावी लागतात. काका सांगतात, त्या वर्षांत पिशव्या भरायला माणसं पुरत नव्हती. आणि जेव्हा कोटीत मोजायचं असतं, तेव्हा शंभर बियांतून नव्वद उगवणारं झाडच नर्सरीत येणार. धावड्याचं नेमकं उलट आहे. त्याची फळं बहुतेक पोकळ निघतात. मूठभर पेरा, एखादं रोप आलं तर आलं. जंगलात तो टिकतो तो तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटून. हे सगळं काका बोलता बोलता सांगून गेले आणि एका गिऱ्हाइकाला गुलमोहर मोजून द्यायला वळले.

त्या दिवशी मी बकुळीचं एक आणि सोनचाफ्याचं एक रोप घेऊन आले. नमिनाथ आणि मुनिसुव्रतनाथ. दोन खड्डे भरले.

अशोकाचीही एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याही अंगणात घडली असेल. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या मोठ्या नर्सरीतून आम्ही ‘सीता अशोक’ म्हणून महागाची रोपं आणली होती. वाढल्यावर कळलं, तो आसुपालव. उंच, निमुळता, शाळेच्या फाटकाशी असतो तोच. लोक त्यालाच अशोक म्हणतात. मल्लिनाथांचा अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे झुपके येतात. नाव एकाचं आणि पिशवी दुसऱ्याची, हा प्रकार नर्सरीत फार. देवचाफ्याचंच बघा. देवळाच्या आवारात हमखास असणारा, नावातच देव असलेला हा चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला आहे. ग्रंथांतला चंपक म्हणजे सोनचाफा. देवचाफा सुंदर आहे, पडलेलं फूल वेचता येतं, झाडाचं तोडावं लागत नाही, म्हणून मला तो आवडतोच. पण पार्श्वनाथांच्या काळी तो या देशात नव्हता.

चातुर्मासात मी नर्सरीत कमी जाते. आई पालेभाजी सोडतात, चिखलातून चालताना पायाखाली काय येईल म्हणून बाहेर पडणंही कमी करतात, आणि मलाही मग उगाच गाडी काढावीशी वाटत नाही. तरी दशलक्षण पर्व संपल्यावर गेले. तोवर नर्सरीचा रंग बदललेला असतो. झाडांची रोपं मागे जातात आणि पुढे झेंडू, शेवंती, झिनिया, सदाफुली येतात. दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण नाही असं घर मेहकरात सापडणार नाही, आणि झेंडूही मेक्सिकोचा. पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला असं मानतात. निशिगंध तिकडचाच. शेवंती चीनची. सदाफुली मादागास्करची. बोगनवेल ब्राझीलची, बोगनविल या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाची. काकांच्या जाळीखाली उभं राहून मोजलं तर त्या दिवशी पुढच्या चार ओळींत मला आपल्याकडचं म्हणावं असं एक तुळसच सापडली.

ही झाडं इतक्या लांबून जिवंत कशी आली असतील, हा प्रश्न मला तिथेच पडला. बी आणणं सोपं, पण रोप? समुद्रावरची खारी हवा, महिनोन्महिने प्रवास, जहाजावर प्यायचं पाणी मोजून. पूर्वी बहुतेक रोपं वाटेतच मरत. त्याला उत्तर मिळालं ते लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला, तेही चुकून. १८२९ च्या सुमाराला त्याने पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बंद बरणीत ठेवला होता, पतंग बाहेर येताना बघायला मिळावा म्हणून. (हे मी आईंना सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मग त्या पतंगाचं काय झालं?" मला ते कुठे वाचायला मिळालेलं नाही.) बरणीत नेच्याचं एक रोप उगवलं आणि पाणी न घालता वर्षानुवर्षं जगलं. मातीतली वाफ काचेवर जमते, थेंब होऊन पुन्हा मातीत पडते. वॉर्डने मोठ्या काचपेट्या करवल्या आणि १८३३ मध्ये रोपं भरून सिडनीला पाठवल्या. रोपं जिवंत पोचली. पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून या माळ्याने चीनमधून चहाची सुमारे २०,००० रोपं ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिमालयाच्या पायथ्याशी आणली. आपण सकाळी जो चहा घेतो, त्याच्या इतिहासात अशी एक काचेची पेटी आहे.

रोपं आली की ती ठेवायला, वाढवायला, वाटायला जागा लागते. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली. तिच्यामागे एक शेती-बागायत मंडळी होती, जगन्नाथ शंकरशेटांसारखे लोक तिला मदत करणारे. पुण्यात एम्प्रेस गार्डन, गणेशखिंडीची बाग. नागपुरात भोसल्यांची महाराजबाग होतीच, आणि भोसल्यांनीच औरंगाबादकडून संत्रं नागपुरात नेलं असं सांगतात. तेच संत्रं पुढे वऱ्हाडात पसरलं. अमरावती जिल्ह्यात वरुडजवळचं शेंदुरजनाघाट गाव संत्र्याच्या कलमांवर जगतं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, सालीचा टी करून, पट्टीने बांधून. त्या बोटांना दुसरं नावच नाही. आमच्या काकांकडची संत्र्याची कलमंही तिकडूनच येतात. आंब्याच्या कलमाची गोष्ट आणखी जुनी, ती गोव्यातल्या पाद्र्यांपर्यंत जाते. पण आमच्या भागात घरोघरी कलमी आंबा पोचला तो १९९० नंतर, रोजगार हमीतून फळबाग लावायची योजना आली तेव्हा. गावोगाव खाजगी नर्सऱ्या उभ्या राहिल्या त्याही तेव्हाच. काकांनी सरकारी रोजंदारी सोडून स्वतःची जागा घेतली ती त्याच सुमाराला.

हरितगृह हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटतो. तिकडे थंड देशात काचेचं घर बांधायचं ते ऊब कोंडून ठेवायला. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, इथे ऊब कोणाला हवी? म्हणून आपलं हरितगृह म्हणजे हिरवी जाळी, ऊन गाळणारी. पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के असं सांगून घ्यायची. आणि ही कल्पना जाळीच्या कितीतरी आधी वऱ्हाडात होती. पानमळा आठवा. शेवगा, हदगा, पांगारा, शेवरी यांच्या सावलीत चढवलेला पानाचा वेल, चहूबाजूंनी ताट्या, आत शिरलं की अंगाला गारवा. अंजनगाव सुर्जीकडे बारी समाजाची माणसं अजूनही पानवेल आणि पानपिंपळी तशीच जपतात. ते आपलं जुनं शेडनेट.

आजचं शेडनेट बघायचं तर देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे जावं. रस्त्याने जाताना शेतात पांढरी घरं दिसतात, ती भाजीपाल्याच्या बियाण्याची. जालना जवळ. तिथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या बियाणे-धंद्याची सावली आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचली. माझ्या नणंदेच्या गावी मी बघितलंय: बाया संध्याकाळी टोमॅटोच्या कळ्यांतले पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग लावतात. फूल फूल हाताने. मधमाशीचं काम. जाळी असल्यामुळे मधमाशी आत येत नाही, यायला नको असते. दिवसभर वाकून त्या बायांची कंबर मोडते. ते बघितल्यापासून टोमॅटोच्या बियांची पुडी महाग आहे असं मी म्हणत नाही.

दिवाळीनंतर गुलाब येतात. गुलाबाच्या कुंडीत हाडांचा चुरा घालायची पद्धत आहे, बोनमील म्हणून पिशवीत मिळतो. काकांना मी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलंय, आमच्या कुंडीत तो नको, निंबोळी पेंड घाला. आता ते विचारतही नाहीत, वेगळी माती कालवून ठेवतात. फवारणीचं मात्र मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. मावा आला की मी साध्या पाण्याने धुते, मग तो कुठे जातो याचा विचार करत नाही. एकेंद्रिय झाड जपायचं म्हणून त्यावरचे जीव घालवायचे, हा हिशेब कसा लावायचा? आईंना विचारलं तर त्या म्हणतात, "म्हणून तर कमी कुंड्या ठेव." माझ्याकडे चाळीस आहेत.

याच दिवसांत एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, "वहिनी, ज्ञानगंगेच्या जंगलाकडे धावडा भरपूर. एक लहानसं रोप उपटून आणून देतो, कोणाला कळतंय?" खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पाऊस यायला सात महिने, आणि तो खड्डा रोज देवदर्शनाला जाताना डोळ्यांसमोर. कायद्याचं मनात आलं, तरी आधी घरी आईंना सांगितलं. त्यांनी जपमाळ थांबवली. "उपटून आणलेलं झाड पार्श्वनाथांच्या नावाने लावायचं? त्यापेक्षा फरशी बसवा." विषय संपला.

पण धावडा बघायचा तर होताच. माघात लोणारला गेलो होतो, येताना एका नातेवाइकांच्या शेताच्या बांधावर त्यांनी दाखवला. पांढुरकी गुळगुळीत साल, आणि पानं तांब्यासारखी लाल झालेली. थंडीच्या शेवटाला तो असाच लालसर होतो, मग पानं गळतात. फांद्यांवर शर्टाच्या गुंडीएवढी फळांची गोल बोंडं. आईंना गाडीतून उतरवून झाडापाशी नेलं. त्यांनी सालीला हात लावला आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या माहेरच्या रस्त्याला होता. गाडीचा आस याचाच करायचे." म्हणजे त्यांनी तो बघितलेला होता, फक्त तो धव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मला धव माहीत झाला होता, तो बघितलेला नव्हता.

आस, कुऱ्हाडीचा दांडा, नांगराचा भाग, जळण, कोळसा. चिवट आणि कणखर लाकूड, म्हणून धावडा तुटत गेला. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे मलकापूर, शेगाव, अकोला करत नागपूरला पोचली. रुळांखाली लाकूड, सुरुवातीला इंजिनातही लाकूड. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, जंगलाची मोजणी आणि राखण त्यांनीच सुरू केली, पण त्यांचं लक्ष सागावर. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य धंद्यांची जी पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, त्यात अंगारकर्म आणि वनकर्म पहिलीच येतात: कोळसा पाडणं आणि झाडतोड. लहानपणी पाठ केलं तेव्हा मला वाटायचं, हे कोणासाठी लिहिलंय? आता वाटतं, ज्याने लिहिलं त्याने धावड्याचं जंगल कोळशात गेलेलं बघितलं असावं.

सागाची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण काकांच्या "कोन मांगते" या वाक्याचं उत्तर तिच्यात आहे. सागाचं बी उगवायलाही काही सोपं नाही. जाड कवच, महिनोन्महिने पडून राहतं. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी केरळात निलांबूरला सागाची लागवड करायचं ठरवलं, कारण जहाजांसाठी साग हवा होता. सुरुवातीला बी उगवेचना. त्यांच्या हाताखालचे चातू मेनन यांनी प्रयोग करत करत ते जमवलं. नंतर कॉनोलींचं नाव त्या सागवनाला लागलं. आज कुठल्याही नर्सरीत सागाचे स्टंप गाजरासारखे जुड्या बांधून मिळतात. म्हणजे न उगवणारं बीही उगवतं, मागणारा पाहिजे. धावडा कोणी मागितलाच नाही, म्हणून त्याची रीत कोणी शोधली नाही. महावीरांच्या शालाचं आणखी अवघड. त्याचं बी गळाल्यावर आठवड्याभरात पेरावं लागतं, नाहीतर मरतं, आणि तो छत्तीसगडकडच्या ओलसर जंगलातला. आमच्या काळ्या मातीत आणि उन्हाळ्यात त्याचा हट्ट मी धरला नाही.

त्या बांधावरच्या झाडाखाली पडलेली बोंडं मी पदरात वेचली. झाडावरची तोडली नाहीत. दोन ओंजळी भरल्या. काकांकडे नेऊन दिल्या आणि म्हटलं, "काका, आता मी मागतेय."

काका बोंडं हातात चुरडून बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाय. पन मंग मी काय सांगतो, भरोसा नोका ठेवू." चैत्रात त्यांनी रेती आणि गाळाच्या मातीचे सहा ट्रे केले, बी वरच्यावर भुरभुरलं, वरून गोणपाट. जाळीच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात, बोअरच्या नळाशेजारी. वैशाखात नर्सरीचे हाल बघवत नाहीत. सकाळी पाच वाजता पाणी, संध्याकाळी पुन्हा, पैनगंगेचं पात्र कोरडं, बोअर तासाभराने हवा ओढते. मोठी रोपं विकली गेलेली, उरलेल्यांची पानं कडेने जळलेली. गिऱ्हाईक नाही. अक्षयतृतीयेला आम्ही मंदिरात उसाचा रस वाटतो, ऋषभदेवांच्या पहिल्या आहाराची आठवण म्हणून. त्या दिवशी एक तांब्या भरून मी काकांसाठी नेला. ट्रेमध्ये काही नव्हतं. पंधरा दिवसांनी गेले, तेव्हाही नव्हतं. शेतीची विद्या ऋषभदेवांनी शिकवली असं आपण मानतो, पण वाट बघायची विद्या वेगळी शिकावी लागते, आणि मी त्यात नापास आहे. मी रोज जाऊन काकांना हैराण करायला लागले, शेवटी त्यांनीच सांगितलं, "ताई, तुमी नोका येऊ. आलं का फोन करतो."

फोन आला मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात. दोन ओंजळी बियांतून अकरा रोपं. चार पहिल्या आठवड्यातच आडवी पडली. सात उरली. काकांनी ती काळ्या पिशव्यांत लावली आणि तिथे पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, ‘धावडा’. बाकी सगळ्या पुठ्ठ्यांवर भाव असतो, याच्यावर नाही.

बोटभर उंचीचं रोप खड्ड्यात लावता येत नाही. काका म्हणाले, आणखी एक पावसाळा जाळीखाली राहू द्या. समितीला हे सांगायला मी जरा घाबरतच गेले. मुदत संपली होती, ब्लॉकचं सामान येऊन पडलं होतं. बरीच चर्चा झाली. शेवटी ब्लॉक बसलेच, पण तीन बाय तीन फुटांचा चौकोन मातीचा सोडून. मधे मुलांनी काठी रोवून ठेवली आहे, कोणी चुकून पाय ठेवू नये म्हणून.

मागच्या रविवारी आईंना रिक्षाने नर्सरीत नेलं. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. जाळीखाली खुर्ची टाकून दिली, काकांनी एक पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. चार पानं होती. आईंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं, मग काकांना विचारलं, "याला पाणी गाळून घालता का?"

"आजी, बोअरचं पानी हाय," काका म्हणाले.

"असू दे. गाळून घाला."

सोमवारी मी गेले तेव्हा नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं होतं.